पत्रांतली तुळस

‘खालील ओळींतील अलंकार ओळखून त्याचें नांव लिहा’ हा प्रश्न आम्हीं ३८ वर्षें विद्यार्थ्यांना घातला व त्याचीं उत्तरें तितकींच वर्षें तपासलीं. प्रश्न थोड्या गुणांचा. हुशार मुलें त्याचें उत्तर निमिषांत देत, आणि तें देण्यासाठीं ओळ वाचण्याची गरजहि त्यांना पडत नसे. ‘सम’, ‘समान’, ‘सारखा’, ‘परी’ यांपैकीं एकादा शब्द दिसला कीं उपमा. ‘जणूं’, ‘गमे’, ‘भासे’, ‘वाटे’ दिसला कीं उत्प्रेक्षा. एकच अक्षर पुन्हां पुन्हां आलें कीं अनुप्रास. आणि यांतलें कांहींच आढळलें नाहीं तर रूपक म्हणून ठोकून द्यावें. ही युक्ति बाजारांत मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांतून ठळक ठशांत छापलेली असते, आणि परीक्षेपुरती ती सहसा दगा देत नाहीं.

एके वर्षीं एका मुलानें उपमेचें उदाहरण म्हणून ‘गणू आपल्या बापासारखा दिसतो’ असें वाक्य लिहिलें. मार्गदर्शक पुस्तकाच्या हिशेबानें त्याचें काय चुकलें? उपमेय आहे, उपमान आहे, दोहोंत समान असा धर्म आहे, आणि ‘सारखा’ हा शब्द तर उघडच आहे. तरीहि हा अलंकार नव्हे. शास्त्रकारांनीं याला एक जुनें उदाहरण योजिलें आहे : गवय नांवाचा रानपशु गाईसारखा असतो. ज्यानें गवय कधीं पाहिला नाहीं त्याला अरण्यांत तो ओळखतां यावा म्हणून हें वाक्य सांगावयाचें. नैयायिकांनीं त्याला ज्ञानाचें एक साधन मानून उपमान प्रमाण असें नांव दिलें. आलंकारिकांनीं मात्र त्यांत चमत्कार नाहीं म्हणून त्याला अलंकारांच्या पंक्तीस बसूं दिलें नाहीं. तोच शब्द, तीच घडण. पण एके ठिकाणीं अलंकार आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं नाहीं. अलंकार शब्दाच्या खुणेंत राहत नाहीं एवढें यावरून उघड झालें. मग तो कोठें राहतो, आणि तो कळला म्हणजे नेमकें काय कळतें? या प्रश्नाचें उत्तर आम्हांला शाळेच्या वर्गांत मिळालें नाहीं. तें घरांत मिळालें, आणि तेंहि ज्यांनीं शास्त्राचें पानहि उलटलें नव्हतें अशा माणसांकडून.

‘अलंकार’ या नांवानेंच थोडा घोटाळा करून ठेवला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत अलंकार मोजले ते अवघे चार : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकांतल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत येतां येतां ते शंभराच्या वर गेले. सोनाराच्या पेढीवर दागिन्यांचे घाट वाढत जावे तसा हा प्रकार झाला; नांवें वाढलीं, आणि नांवें पाठ झालीं म्हणजे काव्य समजलें अशी समजूतहि वाढली. मुळांत ‘अलंकार’ हा शब्द स्वतःच एक रूपक आहे. पाटल्या-बांगड्या उतरून ठेवल्या तरी बाई तीच राहते. तसा अलंकार काढून ठेवला तरी अर्थ तोच राहील, फक्त शोभा कमी होईल, असें हें रूपक आपल्या कानांत सांगत असतें. कांहीं अलंकारांपुरतें तें खरेंहि आहे. अनुप्रास काढला तर अर्थाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु कित्येक वेळां दागिना काढावयास जावें तों हात धरून अर्थच बाहेर येतो. म्हणून आमच्या शास्त्रीबोवांनीं आम्हांला अलंकारांचीं नांवें शिकविण्यापूर्वीं शब्दांच्या तीन शक्ति शिकविल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. आमच्या मतें क्रम हाच योग्य आहे.

अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ, कोशांतला अर्थ देणारी शक्ति. तिच्याविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. लक्षणेचें पिढीजात उदाहरण म्हणजे गंगेवर असलेली गवळ्यांची वाडी. गंगा हा पाण्याचा प्रवाह. प्रवाहावर झोंपड्या उभ्या राहत नाहींत. म्हणून गंगा म्हणजे गंगेचा कांठ असें घ्यावयाचें. येथें तीन गोष्टी घडाव्या लागतात. प्रथम सरळ अर्थाला अडथळा यावा. मग त्या अर्थाशीं कांहीं संबंध असलेला दुसरा अर्थ मनांत यावा. आणि असें आडवळणानें बोलण्याला एक तर रूढीचा आधार असावा किंवा कांहीं प्रयोजन असावें. वाई कृष्णेवर आहे, पंढरपूर भीमेवर वसलें आहे, असें आपण रोज बोलतों. तेथें रूढि आहे. वाडी ‘गंगेच्या कांठीं’ न म्हणतां ‘गंगेवर’ म्हणण्यांत तेथील गारवा आणि पावित्र्य सुचवावयाचें असतें, तें प्रयोजन.

रूढीचीं उदाहरणें शोधण्यास स्वयंपाकघराबाहेर जाण्याचें कारण नाहीं. तेल हें मूळचें तिळाचेंच. आज आपण शेंगदाण्याचें तेल, खोबऱ्याचें तेल म्हणतों तेव्हां त्या बिचाऱ्या तिळाची कोणालाहि आठवण होत नाहीं. ‘आज पानें किती?’ असें आंतून विचारणें येतें, तें केळीच्या पानांविषयीं नसून जेवणाऱ्या माणसांविषयीं असतें, आणि आतां ताटें आलीं तरी पानेंच मोजलीं जातात. ‘त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या’ हें वाक्य घ्या. त्यांत मातीविटांच्या चुलीचा उल्लेख तेवढा असतो. पण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला तें ऐकून आंत कोठें तरी तुटल्यासारखें वाटतें. त्याऐवजीं ‘भावांनीं मालमत्ता वांटून घेतली’ असें म्हणून पाहावें. बातमी तीच, पण पहिल्या वाक्यांत जें होतें तें दुसऱ्यांत राहिलें नाहीं.

याहूनहि मौजेची गोष्ट अमंगळ टाळण्याच्या बोलण्यांत आहे. बांगडी फुटली तर ती ‘वाढविली’. दुकान बंद केलें तर तें ‘वाढविलें’. समई विझली असें म्हणावयाचें नाहीं, ती ‘शांत’ झाली. निघणारा मनुष्य ‘जातों’ असें न म्हणतां ‘येतों’ म्हणतो. शास्त्रांत जिला विपरीतलक्षणा म्हणतात तिचीं याहून सुबोध उदाहरणें आम्हांला ग्रंथांतहि आढळलीं नाहींत. कोणता कावळा कोणाला शिवला याची माजघरांत येऊन चौकशी करणाऱ्या मुलाच्या पाठींत बसणारा धपाटा हाच आमच्या पिढींतल्या पुष्कळांचा अलंकारशास्त्रांतला पहिला धडा असेल.

आतां व्यंजना. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त दाखविलें आहे कीं सूर्य मावळला एवढेंच वाक्य कोणी उच्चारलें तरी ऐकणारे निरनिराळे असतील तर त्यांतून निरनिराळे अर्थ निघतात, संध्या करणाऱ्याला एक, गुरें वळणाऱ्याला दुसरा, आणि दुकान मांडून बसलेल्याला तिसरा. आमची आजी ओटीवर बसून ‘दिवेलागण झाली ग बाई’ असें म्हणे, तेव्हां तें वाक्य घरभर फिरे. धाकटी काकू देवापाशीं दिवा लावावयास उठे. अंगणांत खेळणारीं मुलें पाय धुऊन ‘शुभं करोति’ म्हणावयास बसत. बाबा हातांतलें वर्तमानपत्र मिटीत. आणि दुपारपासून गप्पा मारीत बसलेली शेजारीण ‘अगबाई, उशीरच झाला’ म्हणून पदर सांवरी. आजीनें कोणालाहि कांहींहि सांगितलेलें नसे.

हें सगळें घरांत नित्य चालत असतें म्हणून त्याची किंमत वाटत नाहीं. ती आम्हांला कशी कळली तें आतां सांगतों.

सन १९७१ चा श्रावण होता. आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, ती त्याच वर्षीं वैशाखांत कोंकणांत दिलेली होती. आमचें घर घाटावर. तिच्या सासरचें घर मोठें, माणसांनीं भरलेलें, खाऊन पिऊन सुखी. त्या घरीं बायकांनीं लिहिलेलें कार्ड टपालांत पडण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून जात असे, व माहेराहून आलेलें कार्डहि आधीं ओटीवर मोठ्यानें वाचलें जाई. त्या घराचें नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. ही रीत त्या काळीं बऱ्याच घरांत होती, आणि तींत दुष्टपणापेक्षां संवयीचा भाग अधिक होता. पण नव्या सुनेला आपल्या मनांतलें दोन ओळींत लिहिण्याची सोय नव्हती, हें मात्र खरें.

एके दिवशीं अक्काचें कार्ड आलें. नेहमींप्रमाणें वडिलांना साष्टांग नमस्कार, येथील सर्व क्षेम, पाऊस चांगला आहे, सर्वजण मायेनें वागवितात, असा मजकूर होता. आणि शेवटीं, जागा उरली म्हणून लिहावें तसें, अंगणांतली तुळस सुकली, दोन्ही वेळां पाणी घालतें तरी जीव धरीत नाहीं, आईला सांगावें, एवढें होतें. बाबांनीं रात्रीं जेवणें झाल्यावर कार्ड सर्वांना वाचून दाखविलें. ‘दुसरें रोप लाव म्हणून कळवूं’ असें म्हणून त्यांनीं तें आईकडे दिलें व ते पान लावावयास बसले.

आईचें शिक्षण अक्षर लावून वाचण्यापुरतें. तिनें तें कार्ड समईच्या उजेडांत धरून तीनदां वाचलें. मग ती एवढेंच म्हणाली, “श्रावणांत, कोंकणांत, तुळस सुकते कशी?”

वाचकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. कोंकणांतल्या श्रावणांत तुळस पावसाच्या माऱ्यानें झोडपली जाईल, पिवळी पडेल, तिचीं मुळें कुजतील. पण ती सुकणार नाहीं. आणि त्या दिवसांत तुळशीला दोन्ही वेळां पाणी घालणाऱ्या मनुष्याला शेजारीपाजारी वेडा म्हणतील. म्हणजे सरळ अर्थाला एकदां नव्हे, दोनदां अडथळा आला. मग दुसरा अर्थ कोणता? कार्तिकांत जिचें लग्न आपण पोटच्या मुलीसारखें लावतों, ती तुळस म्हणजे कोण हें कोणत्याहि आईला सांगावें लागत नाहीं. आणि सरळ न लिहिण्याचें प्रयोजन काय, तें कार्डाच्या उघड्या पाठीवरच लिहिलेलें होतें. लक्षणेच्या ज्या तीन अटी आम्हीं पुढें ‘काव्यप्रकाशा’च्या दुसऱ्या उल्लासांत वाचल्या, त्या आमच्या आईनें त्या रात्रीं समईपाशीं बसून एकामागून एक पुऱ्या केल्या. मम्मट व्यंग्य अर्थ कशानें कळतो तें सांगतांना बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता, अशी मोठी यादी देतो. ‘आईला सांगावें’ या दोन शब्दांनीं अक्कानें ऐकणारा कोण तेंहि ठरवून टाकलें होतें.

“उद्यां भाऊजींना पाठवा,” आई म्हणाली. “पहिली मंगळागौर माहेरीं करावयाची आहे असें सांगूं द्या.” बाबांनीं बरेंच आढेवेढे घेतले. एका झाडाच्या रोपावरून कोणी व्याह्यांकडे माणूस पाठवितो काय, हें त्यांचें म्हणणें तर्कशास्त्राला धरून होतें. पण आईनें त्या रात्रीं अन्न घेतलें नाहीं, आणि पहाटेच्या एस्. टी. नें काका निघाले.

चौथ्या दिवशीं ते अक्काला घेऊन आले. तिला ओळखावयास आम्हांला थोडा वेळ लागला. तीन आठवडे एक दिवसाआड तिला हिंव भरून ताप येत होता, आणि त्या तापांतच ती वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक ओढीत होती. नव्या सुनेचें अंग मोडून येतें तें कामाच्या वेळींच, असा त्या घरांतल्या बायकांचा समज होता. डॉक्टरांनीं तपासून बाबांना बाहेर नेलें आणि आणखी आठ दिवस गेले असते तर आपल्याला कांहीं सांगतां आलें नसतें, असें हलक्या आवाजांत सांगितलें. अक्का दिवाळीपर्यंत आमच्याकडे राहिली. पुढें बाबांनीं स्वतः जाऊन व्याह्यांशीं मोकळेपणानें बोलणें केलें, तें घरहि हळूहळू निवळलें, आणि अक्काचा संसार चांगला झाला. आज ती पंचाहत्तरीच्या घरांत आहे.

याला पुष्कळ वर्षें लोटल्यावर, आम्ही शास्त्र थोडेंबहुत शिकल्यावर, आम्हीं तिला त्या कार्डाविषयीं विचारलें. वास्तविक तुळशीला कांहींच झालें नसेल, तिनें तें रचून लिहिलें असेल, अशी आमची कल्पना. ती हंसून म्हणाली, “तुळस खरेंच गेली होती रे. पावसानें मुळें कुजलीं. मीं फक्त ‘कुजली’च्या जागीं ‘सुकली’ लिहिलें.”

तें ऐकल्यापासून आम्ही या कार्डाचा विचार करीत आहों. सासरच्या माणसांनीं तें वाचलें तेव्हां त्यांना खोटें असें कांहीं दिसलें नाहीं. वृंदावन रिकामें होतें हें ते रोज पाहत होते. वांकडें होतें तें एक क्रियापद, आणि तें वांकडेपण दिसण्यासाठीं वाचणाऱ्याला अक्काची काळजी असावी लागत होती. आमच्या बाबांना ती नव्हती असें नव्हे. पण ते पत्र मजकुरासाठीं वाचीत होते, आणि आई मुलीसाठीं.

हें केवळ बायकांच्या कार्डांपुरतें आहे असें कोणी समजूं नये. पानिपताचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं फौजेनिशीं उत्तरेकडे निघालेले होते आणि त्यांना भाऊसाहेबांकडून खबर नव्हती. अशांत उत्तरेकडून दक्षिणेंत चाललेला एका सावकाराचा कासीद वाटेंत सांपडला, आणि त्याच्याजवळचें पत्र फोडून पाहण्यांत आलें. ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत त्या पत्राचा आशय दिला आहे : दोन मोती विरघळले, २७ मोहरा हरवल्या, आणि रुप्यातांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाहीं. वाटेंत एकाद्या तिऱ्हाइताच्या हातीं हें पत्र पडतें तर त्याला सावकाराची कोठें तरी पेढी बुडाली एवढेंच वाटलें असतें. पेशव्यांना तसें वाटणें शक्य नव्हतें. विश्वासराव हा त्यांचा मुलगा आणि सदाशिवरावभाऊ हे चुलतबंधु. दोन मोती कोणते तें त्यांना विचारावें लागलें नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत नानासाहेबांनीं पर्वतीवर देह ठेवला.

अलंकारशास्त्रांत याला रूपकातिशयोक्ति म्हणतात. ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याचें नांवहि न घेतां नुसत्या उपमानानेंच सर्व सांगावयाचें. उपमानानें उपमेय गिळून टाकलें, असें शास्त्रकार म्हणतात. मुखाऐवजीं नुसता चंद्र म्हणावयाचें, असें गोड उदाहरण आम्ही वर्गांत देत असूं. परंतु गिळणें म्हणजे काय तें या सावकाराच्या पत्रांत कळतें. हरवलेल्या मोहरांच्या हिशेबानें लाखभर घरांतलें दुःख गिळलें आहे.

आमच्या महाराष्ट्राच्या बोलीची ही शक्ति फार जुनी आहे, आणि ती प्रथम कोणी ओळखली हें पाहूं गेल्यास अभिमान वाटण्यासारखें आहे. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतांत आहे, आणि तिच्यांतल्या पुष्कळ गाथा खेड्यांतल्या बायकांच्या तोंडच्या आहेत. एका गाथेंत एक स्त्री फुलें वेंचावयास येणाऱ्या भाविक गृहस्थाला मोठ्या सौजन्यानें सांगते कीं, आतां येथें खुशाल फिरा; तुम्हांला भिवविणाऱ्या त्या कुत्र्याला गोदाकांठच्या जाळींत राहणाऱ्या सिंहानें आजच मारलें. बोलण्याचा अर्थ ‘या’ असा. कळण्याचा अर्थ ‘पुन्हां इकडे पाऊल टाकूं नका’ असा. बाईला ती जागा निर्जन कां हवी होती, तें सांगण्याचें हें मासिक नव्हे. परंतु नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनाला ‘ध्वन्यालोक’ लिहितांना काव्याचा आत्मा ध्वनि आहे हें सिद्ध करावयाचें होतें, तेव्हां त्यानें अगदीं आरंभींच्या उदाहरणांत हीच गाथा घेतली. गोदावरीच्या कांठच्या एका बाईच्या बोलण्यावर काश्मीरचे पंडित पुढें दोनतीनशें वर्षें वाद घालीत होते!

तो वादहि ऐकण्यासारखा आहे. महिमभट्टानें ‘व्यक्तिविवेकां’त म्हटलें कीं, व्यंजना म्हणून वेगळी शक्ति मानण्याचें कारणच नाहीं, धुरावरून अग्नि ओळखावा तसें हें निव्वळ अनुमान आहे. जेथें सिंह आहे तेथें भित्रा मनुष्य जाणार नाहीं, म्हणून त्यानें जाऊं नये, झालें! यावर मम्मटाचें उत्तर असें कीं, भित्रा मनुष्यहि गुरूच्या आज्ञेनें किंवा प्रेमानें सिंहाच्या जाळींत जातो; शिवाय सिंह तेथें आहे हें तरी कोणीं पाहिलें? तें बाईच्या सांगण्यावरूनच ना? तेव्हां हें अनुमान पक्कें नाहीं. आम्हांला मम्मटाचा पक्ष बरोबर वाटतो. धूर कोणालाहि दिसतो, आणि त्यावरून अग्नि कोणीहि ओळखतो. तुळस सर्वांनीं वाचली, पण एकीलाच कळली.

मात्र महिमभट्टाला अगदींच निरोप देऊन चालणार नाहीं, कारण दुसऱ्या बाजूचा दोषहि घराघरांत पुष्कळ आहे. कांहीं माणसांना साधें बोलणें साधें म्हणून ऐकूंच येत नाहीं. सासरे म्हणतात, ‘आज आमटींत मीठ बेताचें पडलें आहे’. आणि सूनबाईला त्यांत तिच्या माहेरच्या वळणाविषयींचा शेरा ऐकूं येतो. जाऊबाई ‘नवी साडी छान आहे’ म्हणतात, आणि दोन दिवस माजघरांत कोणी कोणाशीं बोलत नाहीं. येथें शास्त्राचा नियम फार उपयोगी आहे. सरळ अर्थाला अडथळा आला असेल तरच लक्षणेकडे वळावें. आमटींत मीठ खरोखरीच कमी असेल तर तें घालावें, आणि विषय संपवावा! अर्थात् सासऱ्यांच्या आवाजांत काकु असेल तर गोष्ट निराळी. काकु म्हणजे आवाजाचें वळण. मम्मटाच्या वर सांगितलेल्या यादींत तीहि आहे. ‘वा, फार लवकर आलांत!’ हें वाक्य छापल्यावर स्तुति वाटते. दारांत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर वाटत नाहीं.

लिहिलेल्या शब्दांत काकु येत नाहीं ही जुनी अडचण आहे, आणि हल्लीं घरोघर जें लिहिणें चालतें त्यांत ती फारच वाढली आहे. आमची नात दहावींत आहे. मोबाइलवर ती व तिच्या मैत्रिणी दिवसभर एकमेकींना निरोप पाठवितात, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटीं हंसरीं, रडकीं, डोळा मिचकावणारीं अशीं पिवळीं तोंडें लावतात. आमच्या वयाच्या पुष्कळ मंडळींना हा पोरकटपणा वाटतो. आम्हांला तो काकु शब्दांत आणण्याचा प्रयत्न वाटतो, आणि त्यांत मुलांची चूक दिसत नाहीं. हीं मुलें सूचक बोलणें विसरलीं अशी तक्रार आम्ही सभांतून नेहमीं ऐकतों. तीहि आम्हांला पटत नाहीं. गेल्या महिन्यांत नात मोबाइल हातांत घेऊन हिरमुसली बसली होती. मैत्रिणीनें ‘बरं’ एवढाच निरोप पाठविला होता व त्यापुढें पूर्णविराम दिला होता. “ती रागावली आहे, आजोबा,” नात म्हणाली. कशावरून, असें विचारतां तिनें बोटें मोडून कारणें सांगितलीं : एरवीं ती तीन ओळींखालीं लिहीत नाहीं, पूर्णविराम तर कधींच देत नाहीं, आणि काल वर्गांत अमुक अमुक घडलें. बोलणारा कोण, प्रसंग कोणता, काळ कोणता! सायंकाळीं त्या दोघींचें बोलणें झालें, तेव्हां मैत्रीण खरोखरीच रुसलेली निघाली.

त्याच रात्रीं ती मुलगी पुस्तक उघडून ‘जणूं’खालीं पेन्सिलीनें रेघ ओढीत बसली होती.

तेव्हांपासून आम्हीं दोघांनीं एक क्रम ठेवला आहे. जेवणें झाल्यावर ती आपल्याला आलेला एक निरोप आम्हांला वाचून दाखविते आणि तो उलगडून सांगते. आम्ही तिला जुन्या ट्रंकेंतलें एक पत्र वाचावयास देतों. अक्काचें कार्ड तिनें पहिल्याच रात्रीं वाचलें, आणि कोंकणांत पाऊस केव्हां पडतो एवढें विचारून घेऊन बरोबर त्या क्रियापदावर बोट ठेवलें. परवां तिच्या हातीं याहून जुनें एक पत्र आलें. आमचे बाबा लग्नानंतर पहिलीं कांहीं वर्षें परगांवीं नोकरीस होते, तेथून त्यांनीं आमच्या आजोबांना लिहिलेलें. म्हणजे तुळशीला दुसरें रोप सुचविणारे हेच ते बाबा. त्या काळीं तरुण मुलगा बायकोच्या नांवें पत्र टाकीत नसे. पत्रांत पगाराचा हिशेब होता, खानावळीची तक्रार होती, जमिनीच्या वादासंबंधीं वकिलाचें मत होतें. आणि अखेरीस परसांतल्या मोगऱ्याला यंदा फुलें किती आलीं तें कळवावें, असें लिहिलें होतें.

नातीनें पत्र दोनदां वाचलें. मग ती आमच्याकडे पाहून म्हणाली, “आजोबा, त्या घरांत मोगरा कोण माळत असे?”